कुंकवाखालचं मेण

हैदराबाद, चैत्र, फसली १३४३

आईच्या पायावर शहादेवचं डोकं.

सुंदरराव गुरुजींकडून लिहवून घेतलेलं तुझं पत्र पोचलं. खळ्यावर तुझ्या सुनेचं, सुभद्राचं, कुंकू ओघळलं. बायनाआत्या म्हणाली, हा नवऱ्याला अपशकुन. म्हणून तू लिहितेस, परीक्षा सोड आणि ये. आई, मी येणार न्हाई.

आधी सांग, कुंकवाखाली लावायच्या मेणात तेल कुणी घातलं? आत्यानंच ना? मऊ राहावं म्हणून ती दर साली घालते. मी इथं कॉलेजात दोन्ही तऱ्हेचं मेण तापवून पाहिलं. निव्वळ मेण हाताला सोसणार न्हाई इतक्या कढत पाण्यात वितळलं. तेलाचं त्याच्या लई आधी वाहिलं. मेणाचे बारीक कण एकमेकांना धरून असतात. मधे तेल शिरलं की पकड ढिली पडते, मग उन्हाची धगही पुरते. मिठाच्या कणांची पकड तर अशी, की तव्यावर कितीही भाज, वितळत न्हाई. यात अपशकुन कुठं हाय?

सोबत निव्वळ मेणाचा गोळा पाठवतो. सुभद्रानं तोच लावावा आणि आत्यासमोर भर उन्हात उभं राहावं. तिला कुणी बोललं तर मला कळव. कपिला व्याली का?

मी बरा हाय, वेळेवर जेवतो. परीक्षा देऊनच घरी पाय ठेवीन.

तुझा शहादेव

गुरुजी, एवढं वाचून दाखवू नका. कुंकू ओघळलं त्याच आठवड्यात मी तापानं पडून होतो. आता उठलोय. ओघळायचं कारण तेलच हाय, हे तुम्हाला लिहितो आणि स्वतःलाही. पण तापाचं आत्याला कळता कामा नये.