सेल्वीचं पेन

कुंभकोणम, मंगळवार, दिवेलागण

आज आमच्या सत्ताधारी पक्षाची वॉर्ड सचिवाची निवडणूक. निवडणूक कसली! जुन्या सचिवापुढे शेजारची सेल्वी एकटी उभी. तिच्या अर्जावर अनुमोदनाची सही मी करणार होते, कबूल केलेलं. तिनं पेन पुढं केलं, मी हातात घेतलं. तेवढ्यात सचिव आजीला हाक मारावी तसं हसून म्हणाला, "पाट्टी, सून अंगणवाडीत टिकून आहे ना?"

झालं. मी म्हटलं, "मला म्हातारीला कुठं सही येते?"

"अंगठा चालत नाही," तो म्हणाला. सेल्वीचा अर्ज बाद, तो बिनविरोध निवडून आला.

मी रोज आमच्या घरच्या मराठीत लिहिते, सेल्वीला ठाऊक आहे. ही वही तिनंच दिलेली. तरी तिनं मला खोटं पाडलं नाही. पेन माझ्याच हातात राहिलं. विसरली, की मुद्दाम? त्याच पेनानं लिहितेय, आणि मेली अक्षरं आज किती सुरेख येताहेत.