एकसष्ट मार्क

प्रिय ताई,

पास झाले! गणितात एकसष्ट, कॉम्प्युटरमध्ये अठ्ठावन्न. हवं तर दोनदा वाच, मग पुढचं. कालपासून इतकं हलकं वाटतंय की जिना चढताना माझा गुडघासुद्धा कुरकुरला नाही.

तुला फोनवर नुसतं 'एक कोर्स करतेय' एवढंच सांगितलं होतं. झालं असं, की आमच्या इस्पितळात बाळांच्या दूधखोलीची इन्चार्ज निवृत्त झाली आणि तिची जागा मला द्यायचं ठरलं. अट एकच, शाळेचं गणित आणि कॉम्प्युटर यांची परीक्षा नव्याने द्यायची. मी सरळ नाही म्हणणार होते. शंभर मिलीला चौदा ग्रॅम पावडर, तर पंच्याऐंशी मिलीला किती, हे मी एकोणीस वर्षं भिंतीवरच्या कोष्टकात बघून करत आले. कोष्टकात नसलेला आकडा आला की इन्चार्जबाईंना शोधत धावायचे. वेळेआधी जन्मलेली ती इवलीशी पिल्लं, आणि त्यांच्या दुधात माझी चूक झाली तर? शेवटी त्या धास्तीनेच मला वर्गात नेऊन बसवलं.

तिथली माझी फजिती ऐक. आमचे सर वयाने माझ्या लेकाएवढे. सराव परीक्षेत त्यांनी कॉम्प्युटरवर दुधाचा तक्ता करायला सांगितला. मी चाळीसच्या चाळीस चौकटी सुबक भरल्या, उत्तरं सगळी बरोबर. सर खूश! मग त्यांनी सगळ्यांना पावडरीच्या चौदा ग्रॅमचे तेरा करायला लावले. बाकीच्यांच्या पडद्यावर आकडे भराभर बदलले, माझा तक्ता ढिम्म. कारण मी बाई कागदावर गुणाकार-भागाकार करून एकेक उत्तर टाइप केलं होतं! चौकटीत सूत्र घालायचं असतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. वर्ग खो खो हसला. मीही हसले, आणि हसता हसता मला रडूच फुटलं. सर बिचारे घाबरले. त्यांना काय ठाऊक, चाळीस गणितं मी कोणाच्याही मदतीशिवाय सोडवली होती. मी, जिला सगळं घर ढ म्हणायचं! पुढे दोन आठवडे डोकं आपटून सूत्रंही शिकले.

आता, तीस वर्षांत आपण एकदाही बोललो नाही ते लिहिते. दहावीचा माझा गणिताचा पेपर माझ्या जागी बसून तू दिलास. हॉल तिकिटावरचा फोटो इतका काळा आला होता की आपल्या दोघींपैकी कोणीही खपली असती. गळ मी घातली होती, रडून रडून. तुझं चुकलं ते धाकटीच्या मायेपोटी. पुढे तू गणिताची बाई झालीस आणि मुख्याध्यापिकेची जागा दोनदा नाकारलीस. तब्येतीचं कारण दिलंस, पण मला कळत होतं. कॉपी करणाऱ्या पोरींना कोणत्या तोंडाने रागवू, हेच ना? या वेळी अर्ज करताना मी, तुझं नाव न घेता, इस्पितळाच्या मेट्रनना सगळं लिहून दिलं. नोकरी जाईल, हे धरूनच चालले होते. त्यांनी वाचलं, कागद घडी घालून फायलीत ठेवला, आणि म्हणाल्या, परीक्षा द्या. दिली. माझ्या फायलीतून जुनं प्रमाणपत्र निघालं, नवं लागलं, आणि त्यावरचा मार्क न् मार्क माझा आहे. शाळेने तुला तिसऱ्यांदा विचारलंय, असं भाऊजींकडून कळलं. हो म्हण, ताई.

तुझीच,
धाकटी