माझ्या व्हिसावर हे

१२ जून

मिळाला. व्हिसा मिळाला! पाकीट फोडायला मी इतका वेळ लावला की सासूबाईंनीच ते ओढून घेतलं. चष्मा न लावताच म्हणाल्या, "आहे शिक्का."

मुलाखतीतल्या बाईंनी घाम फोडला होता. "इतकी वर्षं रुग्णालयात कृत्रिम पाय बसवायला मदत करताय, मग आता शिकायचं काय राहिलं?" म्हटलं, "मदतच करते. बनवत नाही. पेशंट विचारतो, ताई, इथे का टोचतंय, तर मला डॉक्टरांच्या तोंडाकडे बघावं लागतं." त्यांनी काहीतरी टाइप केलं. मग फीची सोय कशी, इंग्रजीच्या परीक्षेत किती, नवरा काय करतो. "शाळेची बस चालवतात." "तेही येणार?" "रजा मिळाली तर, मागून."

यांना फोन केला तेव्हा बसमध्ये पोरांचा गोंगाट. "बरं झालं," म्हणाले आणि ठेवला. येताना मात्र आइस्क्रीमचा डबा आणला. तिघांनी डब्यातूनच खाल्लं.

५ सप्टेंबर

खोली माळ्यावरची. छत एका बाजूने उतरतं — केस विंचरायला उभी राहिले की डोकं आपटतं. खिडकी मात्र झकास.

आज कॉलेजात आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना बसवून नियम सांगितले. वर्ग चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करायचं. मोठ्या सुट्टीत हवं तेवढं. स्वतःचा धंदा काढायचा नाही. हजेरी घसरली की कॉलेज वर कळवणार, आणि मग व्हिसाच धोक्यात. घर बदललं तरी सांगायचं. माझ्या शेजारी वर्गातला सर्वात उंच मुलगा होता — सगळे त्याला लंबूच म्हणतात. तो पुटपुटला, "काकू, हे सासर झालं."

"माझ्या सासरी एवढे नियम नाहीत," मी म्हटलं.

२१ सप्टेंबर

लाँड्रीत काम लागलं. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. मालकीणबाई साठीच्या आहेत, आवाज यंत्रांच्याही वरचा. चादरीची घडी दोघींनी घालायची — कोपरे जुळवायचे, झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं. त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला सवय आहे कसली तरी." म्हटलं, "पट्ट्या गुंडाळायची."

गरम चादरीचा वास आवडतो मला. घरी गेल्यावरही केसांना येतो.

१४ ऑक्टोबर

पायाचा पहिला साचा बिघडला. प्लास्टर लवकर घट्ट झालं. शिक्षक नुसता तो साचा माझ्यासमोर ठेवून गेले. दुसरा बरा निघाला. तिसरा चांगला. आज छान जेवले.

२० नोव्हेंबर

व्हायचं ते झालं. एका हॉटेलचं मोठं काम आलंय आणि मालकीणबाईंकडच्या दोन बायका काम सोडून गेल्या. मला म्हणाल्या, "रोज थांब. वरच्या तासांचं रोख देते. कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "बाई, माझे तास भरले."

"तासांचं काय घेऊन बसलीस, चादरी बघ केवढ्या पडल्यात!"

"दिसतात हो. पण व्हिसा गेला तर मी या चादरींसारखीच गुंडाळली जाईन."

त्या हसल्या नाहीत. पाठ फिरवून यंत्राशी गेल्या. वाटलं, गेलं काम. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तू शिकायला गेलीयस की धुवायला?" एवढं बोलून भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागल्या, फोन तसाच चालू ठेवून.

२७ नोव्हेंबर

काम गेलं नाही. पण मालकीणबाई कामापुरतंच बोलतात. नवीन बाई मिळेना. त्या एकट्याच चादर टेबलाच्या कडेला दाबून घडी घालत होत्या. बघवेना. माझे तास संपले होते. कोट घालून निघाले. दारात पाय अडखळला, पण निघाले.

९ जानेवारी

हे आले! बिनपगारी रजा मिळाली, वर्षभराची. विमानतळावर मला ओळखलंच नाही — कोटामुळे म्हणे. मी हाक मारली तेव्हा इकडेतिकडे बघत राहिले.

घरी आल्या आल्या छताला डोकं आपटलं. मग जोडे काढून बसले आणि पासपोर्ट पुढे केला. "हे बघ काय लिहिलंय."

लिहिलं होतं — अवलंबित.

"म्हणजे तुझ्या जिवावर मी."

"कागदावर हो."

"इतकी वर्षं बस चालवली ती काय कागदावर?" चेहरा उतरलेला. मी हसायला नको होतं. हसले. मग तेही हसले, पण थोडंसंच.

१३ जानेवारी

सबंध दिवस हे खिडकीशी. मी येईपर्यंत जेवत नाहीत. रस्त्यावरून कुठली बस किती वेळाने जाते ते पाठ झालंय. "तो वळण फार रुंद घेतो," म्हणाले एका ड्रायव्हरबद्दल. मला कसंतरी झालं. माझ्यासाठी आला हा माणूस आणि मी त्याला माळ्यावर बसवून ठेवलाय.

१६ जानेवारी

नियमांचं पुस्तक पुन्हा काढलं. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तासांची अट नाही! दोनदा वाचलं. मग कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारूनही आले. तिथली मुलगी म्हणाली, "बरोबर. बंधन तुम्हाला, त्यांना नाही."

यांना सांगितलं. "लाँड्रीत?" म्हणाले. "मी?" घरी कधी स्वतःचा रुमाल घडी घातलेला नाही यांनी.

२० जानेवारी

मालकीणबाईंनी यांना वरून खाली न्याहाळलं. "चादर येते का घडी घालायला?"

"शिकीन," हे म्हणाले. आवाज असा, जसा पहिल्या दिवशी शाळेत पोराचा असतो.

मी एका टोकाला, हे दुसऱ्या. कोपरा सुटला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा चादर जमिनीवर. मालकीणबाईंनी माझ्या हातातून टोक काढून घेतलं — "तू जा, तुझा वर्ग आहे. नवऱ्याला बायकोने शिकवलं की भांडणं होतात."

४ फेब्रुवारी

लंबू गेला. एका उपाहारगृहात दुप्पट तास करत होता. पकडला गेला, व्हिसा रद्द. वर्गात त्याचं जाकीट राहिलं होतं, ते द्यायला मी त्याच्या खोलीवर गेले. बॅग भरत होता. "काकू, घरी काय सांगू?" म्हणाला. बॅगेची चेन लागत नव्हती, ती दाबून धरली.

तिकडे काय चुकलं नि काय नाही, मी कोण ठरवणारी. पण मुलगा गुणी होता. साचे माझ्यापेक्षा सुबक काढायचा.

१ मार्च

हे आता फिरतीवर. लायसन्सची परीक्षा पास झाले आणि मालकीणबाईंनी गाडीची किल्लीच दिली. हॉटेलांत चादरी पोचवायच्या, मळलेल्या आणायच्या. घरी येतात ते बोलतच — कुठला दरवान कुरकुरतो, कुठल्या चढावर गाडी दम खाते. इतकं बोलताना मी यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं.

सकाळी चहाही करतात. कडू होतो. पिते.

२२ एप्रिल

आज माझ्या हातच्या पायावर एक आजोबा चालले. सुतार होते पूर्वी. फिटिंगच्या खोलीत दोन्ही बाजूंच्या आधाराच्या दांड्या धरून उभे राहिले, मग एक दांडी सोडली. म्हणाले, "आतल्या बाजूला लागतंय, पोरी."

मी कोणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. गुडघे टेकले, बोटाने चाचपलं, काढला, घासला, पुन्हा चढवला. चालले. भिंतीपर्यंत जाऊन वळले आणि भिंतीला जोडलेल्या लाकडी फळीवर हात फिरवत म्हणाले, "हे काम कच्चं आहे. तुझं पक्कं आहे."

घरी आल्यावर यांना सगळं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा नीट ऐकलं.

३० मे

शिक्षकांनी थांबवून घेतलं. त्यांच्या कार्यशाळेत एक जागा आहे. अभ्यासक्रम संपल्यावर कामाच्या परवान्याचा अर्ज करता येतो, नियमात बसतं. म्हणाले, "तुम्ही राहणार असाल तर मला हव्या आहात."

मी म्हटलं, आम्ही परत जाणार. तिकिटंही बघून ठेवलीत. यांची रजा संपेल, बस यांची वाट बघतेय. या माणसाने माझ्यापायी इतके महिने चादरी वाहिल्या — अजून किती मागायचं?

यांना जागेबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "तू म्हणशील तसं" म्हणाले असते, आणि ते मला नको होतं. उशी ओली झाली थोडी. बरं असो.

८ जून

मालकीणबाईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. घरात यंत्र एकही नाही, म्हणाल्या, "कपडे हातानेच धुते, घरी तेवढी शांतता हवी." यांच्या ताटात सारखं वाढत होत्या. निरोप घेताना हे फारच गप्प झाले. वाटलं, जेवण जड झालं असेल.

९ जून

सकाळी चहा देताना हे म्हणाले, "रागावणार नसशील तर एक सांगू? मला परत नाही जायचं. आईशी बोललोय. ती म्हणाली, मला काय धाड भरलीय, तुमचं तुम्ही बघा."

कप तसाच ठेवला. कॉलेज उघडायच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. शिक्षक किल्ल्या काढत होते.

"ती जागा?"

"आहे," म्हणाले.