तपासणीचा आठवडा

फालेसाऊ, ४ मे

चि. पेनीस,
सुलिआताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आईसाठी धाडलेले मऊ मोजे पोचले. फोन पाद्रीबाबांच्या घरी आहे आणि पाद्रीणबाई शेजारी बसून सगळं ऐकतात, म्हणून पत्रच बरं.

गावात सध्या नुसती धावपळ आहे. रक्तातली साखर मोजणारी मंडळी जूनमध्ये पुन्हा येताहेत. मागच्या खेपेला अख्ख्या जिल्ह्यात आपलं गाव शेवटचं आलं. तेव्हापासून क्रिकेटच्या सामन्यात पलीकडच्या गावची पोरं आपल्या फलंदाजांना सरबतवाले म्हणून चिडवतात. महिला समितीच्या अध्यक्षीण तुसिपाबाईंनी यंदा चंगच बांधलाय. समिती घरांची स्वच्छता-तपासणी करते तेव्हासारखंच सगळं चाललंय: चटया उन्हात, वाटेवरच्या दगडांना चुना. शिवाय मोजणी होईपर्यंत पाव, डब्यातलं मांस, साखरेचा कोको बंद, आणि पहाटे देवळाची घंटा झाली की सगळ्यांनी गावाला फेऱ्या मारायच्या. तुझे मेहुणे चुलीमागे लपून पाव खाताना सापडले. दंड म्हणून पाद्रीबाबांचं गवत कापताहेत.

आता आईचं. ज्यांची साखर फारच आहे त्यांनी तेवढा आठवडा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे राहावं, असं समितीत ठरलं. तुसिपाबाई स्वतः येऊन फार गोड शब्दांत सांगून गेल्या. आईनेच मावशीकडे जायला बोचकं बांधायला घेतलं. म्हणाली, तपासणीच्या दिवशी अंगणात मोकाट डुक्कर कोण ठेवतं? टाचेची जखम अजून ओली आहे, पण नर्स इलिसा दर गुरुवारी येऊन पट्टी बदलते, त्यामुळे काळजी नाही. एक गुरुवार चुकेल, एवढंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ऑकलंड, २६ मे

ती. सुलिआताईस,
पेनीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेहुण्यांवर हसलो, मग हसू गेलं. ताई, आईला पाठवू नकोस. ही घरांची तपासणी नव्हे. तिथे घाण दिसली की दंड होतो, मोजणीत आजार दिसला तर नर्स मिळते. आजारी माणसं लपवली तर ती मंडळी समजतील, गाव बरं झालं.

मी रोज हेच बघतो. आमच्या मांसाच्या कारखान्यात दारातच मोठा फलक आहे, अपघात नाहीत म्हणून. ज्याची बोटं कापली जातात त्याला पट्टी बांधून कचेरीत खुर्चीवर बसवतात. तो कामावर हजर, म्हणजे अपघात झालाच नाही. त्या फलकाच्या जोरावर साहेबांना बढती मिळाली.

तुसिपाबाईंना माझं नाव सांगून खुशाल भांड. त्या मला लहानपणापासून वाया गेलेलाच म्हणतात.

राग धरू नये, लोभ धरावा.
तुझा पेनी

फालेसाऊ, १९ जुलै

चि. पेनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मोजणी उरकली होती. आपलं गाव जिल्ह्यात पहिलं आलं. खोटं कशाला सांगू, टाळ्या मीही वाजवल्या. निवडणुकीला उभे असलेले लाउफुतू सरदार सभागृहात रंगीत तक्ता टांगून तासभर बोलले. साखर निम्म्यावर आली, ती त्यांनी सुरू केलेल्या पहाटफेरीमुळे, असं म्हणाले. मग डुक्कर भाजलं, डबे फोडले, आणि सगळं गाव इतके दिवस उपाशी असल्यासारखं जेवलं. पहाटफेरी दुसऱ्याच दिवशी बंद.

पुढच्या गुरुवारी नर्स इलिसा आली ती निरोप घ्यायला. जिथे आजार जास्त आहे तिथे तिला पाठवलंय. आईची पट्टी सोडताना तिचे डोळे भरून आले. जखमेला आता वास येतोय.

मी तुसिपाबाईंकडे गेले, म्हटलं खरं काय ते सांगा. त्या म्हणाल्या, सरदारांनी जिल्ह्यासमोर शब्द दिलाय, आता गावाचं तोंड काळं करू? शहरातल्या आरोग्य कचेरीतही गेले. तिथला तरुण फार सभ्य, त्याने चहा पाजला. कागद पाहून म्हणाला, मावशी, तुमच्या गावातल्या मोजलेल्या कुणालाच असली जखम नाही. मी म्हटलं, माझी आई आहे ना. तो म्हणाला, हो, पण ती यात नाही.

इस्पितळापर्यंत बस आहे, पण आईला आता पायऱ्या चढवत नाहीत. तुला काही करता येईल का?

तुझी ताई

ऑकलंड, ८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजणी करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना मी सगळं लिहिलं: माणसं हलवली, पाव बंद केला, आईला मावशीकडे पाठवलं. लगेच उत्तर आलं. गावाच्या यशाबद्दल त्यांनी आपलं अभिनंदन केलंय. लेख छापायला गेलाय, आणि एका घरच्या हकिकतीने निष्कर्ष बदलत नाही, असं नम्रपणे कळवलंय. इतर बेटांवरही हीच पहाटफेरी सुरू करणार आहेत म्हणे.

कुणाचा तरी टेम्पो बघ आणि आईला आजच इस्पितळात ने. मी सुट्टी मागितली आहे.

तुझा पेनी

फालेसाऊ, ११ मे

चि. पेनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आईला माती देऊन परत गेलास त्याला आता बरेच महिने झाले. तिचा पाय कापल्यावर मावशीच्याच घरी तिने प्राण सोडला, म्हणून तिच्या मृत्यूची नोंदही त्याच गावी झाली. आपल्या तक्त्यावर यंदाही साखरेने कुणी मेलेलं नाही. लाउफुतू निवडून आले, हे तुला कळलंच असेल.

मोजणी पुन्हा आलीय. वाटेवरच्या दगडांना चुना लागतोय. आईची कबर दारासमोर असल्याने तिलाही मीच लावला. छान दिसते.

माझीही साखर वाढलीय, हे तुला कळवलं नव्हतं. तहान फार लागते आणि पायाची बोटं बधिर असतात. यंदा मी गाव सोडून जाणार नाही, असं ठरवलं होतं. समितीत उठून बोललेसुद्धा. कुणी रागावलं नाही. फक्त माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात द्यायच्या चटया विणायला येणाऱ्या बायका दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. पोरगी रात्रभर रडली.

तेव्हा आईचंच बोचकं काढलंय. सकाळी बसमधली जागा ठरवायला गेले तर तुसिपाबाई आधीच तिथे, हातात त्यांचं बोचकं. त्यांचीही साखर कितीतरी वर्षं आहे म्हणे. माझा हात धरून म्हणाल्या, खिडकीजवळची जागा तू घे, मला कुठेही चालेल. पण खिडकीच काय, कुठलीच जागा शिल्लक नव्हती. समितीला दुसरी बस सांगावी लागलीय.

पहिला नंबर नक्की येईल. परत कधी यायचं ते समितीने यंदा सांगितलेलं नाही, म्हणून उत्तर मावशीच्या पत्त्यावर धाड, आणि आठवण ठेव.
तुझी ताई