पायरीवरचे टपाल

मी, माकाबे शिझु, वय सहासष्ट, धंदा चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे काढण्याचा, जन्माने जपानमधल्या सादो बेटाची आणि गेली अडतीस वर्षे राहणार पेंग चाउ बेट, हाँगकाँग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. ती तपासायला मागच्या आठवड्यात वकील फंगबाईंनी त्यांच्या कचेरीत मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि तुमच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे कसे, असे उलट विचारले. पुढचे प्रश्न त्यांनी सोडून दिले.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते माझे नव्हे.

कलम १. घाईचे कारण. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या पोटाच्या फोटोत एक डाग दाखवला आणि नव्या वर्षापर्यंतची मुदत दिली. डाग कसा ओळखायचा हे मी त्यांच्याकडून अर्धा तास समजून घेतले, कारण ते खरोखर बघण्यासारखे होते. मरणाची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती वडिलांची. ते चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत आणि मी त्यांच्या आधी जाणार आहे. हा क्रम चुकला आहे. खालची सगळी कलमे ती चूक सांभाळून घेण्यासाठी आहेत.

कलम २. माझे वडील, माकाबे तोकुजी. हे सादोवर चाळीस वर्षे पोस्टमन होते. एवढ्या वर्षांत दुसऱ्याचे साधे पोस्टकार्डही वाचले नाही, असे ते अभिमानाने सांगत. मी त्यांच्या पिशवीतली पाकिटे दिव्यासमोर धरून बघत असे आणि मार खात असे. आई गेल्यावर, दहा वर्षांपूर्वी, मी त्यांना इथे आणले. मी त्यांची मुलगी हे आता त्यांना आठवत नाही. मी त्यांच्या पोस्टाची साहेबीण आहे, एवढे मात्र पक्के आहे.

रोज सकाळी टोपी घालून ते गल्लीत निघतात, दारांवरच्या पेट्यांतून हाताला लागेल ते काढतात आणि त्यांच्या मनाला येईल त्या दारी टाकतात. परत आले की माझ्यासमोर ताठ उभे राहतात. "सगळं वाटून झालं, बाई. परत काही आणलं नाही."

पहिल्या वर्षी गल्लीत बोंबाबोंब झाली. विजेची बिले देवळात गेली आणि देवळाची वर्गणीपत्रे सायकलवाल्याकडे. मग शेजारच्या लान मावशींनी खरी पेटी उंचावर, वडिलांचा हात पोचणार नाही अशी ठोकली आणि खाली एक दुसरी लावली. तीत जुनी पाकिटे आणि दुकानांच्या जाहिराती भरून ठेवल्या. महिन्याभरात सगळ्या गल्लीने तेच केले. आज आमच्या गल्लीत अकरा घरे आहेत आणि बावीस पेट्या.

माझ्या दारावरची खालची पेटी काढू नये. ती रोज भरावी. जाड पाकिटे त्यांना जास्त आवडतात. हा कागद मात्र कुठल्याच पेटीत ठेवू नये.

कलम ३. जुने भांडण. लान मावशींचे पूर्ण नाव मोक सिउ-लान, वय चौऱ्याहत्तर. त्या मासे खारवून बांबूच्या सुपांत गल्लीत वाळत घालतात. एकवीस वर्षांपूर्वी मी त्या वासाबद्दल अर्ज केला आणि सरकारी माणसांनी नऊ सुपे उचलून नेली. मावशी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्या भट्टीचा धूर इतकी वर्षं गिळला, तेव्हा मी कुठे अर्ज केला? बाहेरून आलीस आणि आम्हालाच हुसकायला निघालीस?" त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही.

पूर्ण माफी मी मागत नाही, कारण वास होता. पण अर्ज त्यांच्या पाठीमागे केला. तोंडावर सांगायला हवे होते, याची मला लाज वाटते.

आता वडील त्याच खाऱ्या माशाबरोबर पेज खातात, आणि तीही मावशींच्या हातची. माझ्या हातचे पुढे आले की म्हणतात, "हे आपल्या कँटीनचं दिसतंय, बाई."

कलम ४. पायरी. हे कलम कोणाला काही देत नाही. पण मी ते वगळू शकत नाही.

दुपारी तीन वाजता मावशी आणि वडील माझ्या पायरीवर बसतात. यांची भाषा त्यांना येत नाही, त्यांची यांना येत नाही. पण लिपीतली पुष्कळ अक्षरे दोन्ही देशांत सारखीच. वडील माझा झिजलेला कुंचला पाण्यात बुडवून दगडावर काहीतरी लिहितात. मावशी कुंचला घेऊन खाली उत्तर लिहितात. उन्हाने दगड लगेच वाळतो. मी जवळ गेले की वडील ओल्या अक्षरांवर पंजा ठेवतात. "दुसऱ्याचं टपाल आहे, बाई. तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

मावशींना विचारले तर त्यांनीही ताकास तूर लागू दिली नाही. "तुझ्या नावावर आलंय का? नाही ना? मग जा, चहा टाक."

गेली सहा वर्षे मी हे शोधते आहे. चहा घेऊन अचानक गेले. खिडकीला आरसा टांगला. एकदा पायरीला सावली यावी म्हणून ताडपत्री बांधली, तर दोघे उठून उन्हात सरकले. कळले ते एवढेच, की वडील रोज तेवढीच दोन-चार अक्षरे लिहितात, मावशींचे उत्तर त्याहून लहान असते, आणि ते वाचले की वडील झोपेपर्यंत शांत असतात. मावशी एकदा चार दिवस मुलाकडे गेल्या होत्या. ते चार दिवस वडील घरातले प्रत्येक कपाट उघडून बघत होते आणि मला म्हणत होते, "उत्तर आलं नाही."

कलम ५. घर. राहते घर, मागच्या भट्टीसह, मी मोक सिउ-लान यांना कायमचे देत आहे.

घर वडिलांच्या नावे का नाही, असे फंगबाईंनी विचारले. भिंती वकीलबाई सांभाळतील, पण भिंती पेज शिजवत नाहीत. मला माणूस हवा आहे. माणूस नसला तर माझा भाऊ वडिलांना जपानमधल्या नीगाताच्या वृद्धाश्रमात नेईल, आणि तिथे वाटायला टपाल नाही. दुसऱ्याचा बाप फुकट कोणी सांभाळत नाही, हे मी सहासष्ट वर्षांत शिकले आहे. मावशी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि त्यांचा मुलगा त्यांना शहरात एकतिसाव्या मजल्यावर राहायला बोलावतो आहे. घर मिळाले तर त्या राहतील. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

कलम ६. भाऊ, माकाबे योशिहारू. याने आईची लोखंडी किटली तीनदा मागितली आहे. त्याने सलग सात सकाळी वडिलांबरोबर गल्लीत पिशवी धरून चालावे, मग ती न्यावी. मध्ये घड्याळ बघितले तर पुन्हा पहिल्या सकाळपासून.

कलम ७. हत्यारे. कुंचले आणि रंग बेटावरच्या शाळेला. तो झिजलेला कुंचला सोडून. तो पायरीजवळच राहील.

कायदा असा आहे की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातून काहीही मिळत नाही. लिहिलेले असले तरी ते रद्द होते. सायकलवाला हो काम-चुन याचा माझ्या भट्टीच्या पाने-पकडींच्या पेटीवर वीस वर्षे डोळा आहे, म्हणून मी मुद्दाम त्यालाच पहिला साक्षीदार केला. पेटी त्याला आज सकाळीच देऊन टाकली. जिवंतपणी दिलेले यात येत नाही.

कलम ८. उरलेले. साठवलेले सर्व वडिलांच्या खाण्याऔषधासाठी. वरचे कोणतेही देणे ज्याचे त्याला पोचू शकले नाही, तर तेही वडिलांचे. व्यवस्था फंगबाईंनी बघावी.

कलम ९. हे आधी ठरलेले नव्हते. दुसरा साक्षीदार म्हणून फंगबाईंचा कारकून तीनच्या बोटीने येणार होता. वाऱ्यामुळे बोटी बंद झाल्या आणि मला उद्या सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. काम-चुन समोर बसला आहे. मावशी पेजेचे भांडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढं काय लिहितेस? वाच बघू." मी सगळे वाचले. पाचव्या कलमाशी त्यांनी भांडे खाली ठेवले.

"घर मला कशाला?"

"बाबांसाठी."

त्या काम-चुनकडे वळल्या. "सही कुठे करायची रे?"

"मावशी," मी म्हणाले, "सातवं कलम ऐकलंत ना? तुम्ही सही केलीत तर घर जाईल."

"कान शाबूत आहेत माझे. म्हणून तर पेन मागतेय."

"मग बाबांचं कसं?"

"इतकी वर्षं पेज आणली, ती काय तुझ्या भिंती मोजून? तुझा भाऊ आला तर मी दारात सुपं मांडून बसेन. बघू कसा आत शिरतो."

काम-चुन हसला. मी हसले नाही. मला भीती वाटत होती. कागदावर बांधून ठेवलेले तेवढे एकच माणूस होते आणि ते माझ्यादेखत गाठ सोडत होते. मी म्हणाले, "घर घ्या आणि राहा. नको कशाला म्हणता?"

त्यांनी बाहेर पायरीकडे बघितले. वडील कुंचला धरून त्यांची वाट बघत बसले होते.

"म्हातारा काय लिहितो ते जाणून घ्यायचंय ना तुला?" त्या म्हणाल्या. "तुझी वेळ आलीय म्हणून सांगते. रोज एकच विचारतो, हे घर कुणाचं? मी लिहिते, तुमचं. उद्या ते माझं झालं, तर रोज दुपारी बसून मी खोटं लिहू?"

मी त्यांना पेन दिले आहे. त्यांच्या सहीने कलम ५ रद्द होईल आणि कलम ८ प्रमाणे घर वडिलांचे होईल. माझे आणखी काही विचारायचे राहिलेले नाही.

या दोघांच्या समोर मी सही केली, आणि माझ्या समोर या दोघांनी.

लिहून देणार: माकाबे शिझु

साक्षीदार १: हो काम-चुन, सायकल दुरुस्ती, मासळीबाजारामागे

साक्षीदार २: मोक सिउ-लान, खारे मासे, शेजारचे घर

ठिकाण: माकाबे तोकुजी यांचे घर, पेंग चाउ
तारीख: १९ नोव्हेंबर २०२४