सुमनकाकूंचा गुडघा

कराड, गुरुवार, संध्याकाळ

आज फजिती झाली, आणि ती अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या बँडचे श्रोते वाढले तसं प्रत्येकाच्या मेसेजला वेगळं उत्तर लिहिणं मला जमेना. दुपारी ढोलकीवाला दिनू म्हणाला, "एकच मेसेज लिव्ह आन् समद्यांना धाड की. कोण बघतंय?" पटलं. आभाराचा छान मेसेज लिहिला. पण गडबडीत सगळ्या यादीला गेला तो कोरेगावच्या सुमनकाकूंसाठी लिहिलेला. काकू आमच्या पहिल्या कार्यक्रमापासूनच्या. मेसेज एवढाच: 'गुडघा कसा आहे आता? जिना चढताना जपा.'

दिनू हसत सुटला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तरं येऊ लागली. 'कुणाचा गुडघा?' 'माझा बरा हाय, तुमचा?' काकूंच्या सुनेलाही तोच मेसेज गेलेला. काकूंचा फोन आला. "समद्यांची अशी चौकशी करतीस व्हय गं? मग गातीस कवा?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. खरं सांगायचा धीर झाला नाही. चौकशी करणंच तर बंद करायला निघाले होते ना मी?

आणि आत्ता हा एक मेसेज. वडूजकडचा जवान, लांब कुठंतरी ड्युटीवर. यादीत नावापुढं एवढंच लिहिलेलं; कधी बोलणं नाही, भेट नाही. 'ताई, गुडघ्याचं तुमाला कसं कळलं? घरी बी सांगितलं न्हाई मी.'

'चुकून आला, माफ करा' एवढं टाइप केलं होतं. ते पुसलं.

लिहिलं, 'कोणता दुखतोय, डावा की उजवा?'