आधी तिला जाऊ द्या

३ नोव्हेंबर

उलव्यात आम्हा नवरा-बायकोचं बिऱ्हाड लागलं एकदाचं. कोमल जाम खूश आहे. खिडकीतून खाडी दिसते आणि शाळेची नोकरीही स्कूटरवरून जवळच. मला काम मिळालंय ते गावचा रस्ता डंपरच्या रस्त्याला मिळतो तो तिठा सुरक्षित करायचं. तिथे आज एक गंमत पाहिली. रस्ता पार मोकळा असला तरी गावातला प्रत्येक जण गाडी बंद करतो, जरा थांबतो, मग निघतो. चहावाले दादू म्हणाले, "आमी आधी हौसाआजीला जाऊ देताव." मिठाची पाटी घेऊन रस्ता ओलांडताना ती इथेच गाडीखाली गेली, फार वर्षांपूर्वी. मी कसंबसं हसू दाबलं.

८ नोव्हेंबर

झुडपं छाटून घेतली, वळणावर मोठा गोल आरसा बसवला. आता आडव्या रस्त्यावरची गाडी लांबूनच दिसते. दादूंना समजावलं, आरसा रिकामा दिसला की थांबायची गरज नाही. ते नुसते कप विसळत राहिले. कोमललाही तेच सांगितलं. खोटं कशाला बोलू, आज स्वतःवर भारी खूश आहे.

१४ नोव्हेंबर

तरणी पोरं आता न थांबताच जातात. आज भर दुपारी हितेश दूधवाला पडला, पाय मोडला. पाटीवाली म्हातारी आडवी आली म्हणतो. आरशात कोणीच नव्हतं, हेही शपथेवर सांगतो. मी तिथेच उभा होतो. रस्त्यावरही कोणी नव्हतं.

१७ नोव्हेंबर

आज मला दिसली. रस्त्याच्या कडेला, डोक्यावर पाटी. आरशात पाहिलं तर ती जागा रिकामी. गाड्या थांबेनात, तशी ती एकेक चाकाकडे बघत होती. मला भीती वाटतेय.

१८ नोव्हेंबर

आरसा काढू म्हटलं. वरचे साहेब हसले. कोमलला म्हटलं, तिथे थांबत जा. तूच तर नको म्हणालास, म्हणाली. तीही हसली —

१९ नोव्हेंबर

दादूंच्या टपरीवर बसलोय. कोमलची शाळा सुटली असेल. म्हातारी आज कडेला नाही. रस्त्याच्या मधोमध —

स्कूटर आली. कोमल आरशात बघतेय. तिला रस्ता मोकळा —

हात हलवला. तिनेही हसून हात केला. वेग तोच — मीच आडवा जाऊन तिला थांब